जयवंताबाईंची चुंबळ

टेकडीवर पोचलं की जयवंताबाई आधी डोक्यावरची टोपली उतरवत आणि टोपलीखालची चुंबळ काढून पुढे भिरकावत. जुन्या लुगड्याच्या पट्ट्या पिळून केलेली ती कापडाची कडी. त्यांचं ओझं फुला-पानांचं, हलकं, म्हणून चुंबळही सैल. मधलं भोक चांगलं ताटलीएवढं. ती जिथे पडेल तिथे आम्ही मुलींनी उकिडवं बसायचं.

"आता ह्या कड्याच्या आत काय काय हाय ते पाहा. पाच जिनसा दिसल्याशिवाय कोणी उठाचं नाही."

पहिल्यांदा बसले तेव्हा मला आत फक्त गवत दिसलं. मी तसं सांगितलं. त्या हसल्या, "गवत म्हनते! घरी पाहुने आले तर 'मानसं आली' एवढंच सांगते का वं तू?" आणि शेजारी बसून राहिल्या. पाच मिनिटांनी एका गवताची दोन गवतं झाली. मग मुरमाला चिकटलेलं विष्णुक्रांतेचं इवलंसं निळं फूल दिसलं, मग एक वाळकी काडी, आणि ती काडी चालायला लागली.

"काडी नाही ते, पाय मोज," जयवंताबाई म्हणाल्या.

हे १९६३ सालचं. मी नागपूरच्या एका मुलींच्या कॉलेजात बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला होते आणि जयवंताबाई आमच्या वनस्पतिशास्त्र विभागात बाई होत्या. फरशी पुसणं, काचपट्ट्या धुणं, मॅडमना चहा आणणं ही त्यांची कामं. पण खरं काम पहाटेचं. प्रॅक्टिकलला लागणारी झाडं, शेवाळं, बुरश्या त्या आणत. आदल्या दिवशी मॅडमनी फळ्यावर चित्र काढायचं, जयवंताबाईंनी ते कमरेवर हात ठेवून निरखायचं आणि दुसऱ्या दिवशी नऊच्या आत पंधरा मुलींना पंधरा नमुने टेबलावर. लिहिता-वाचता येत नव्हतं. झाडं गोळा करण्यासाठी विभागाने त्यांना हिरवा पत्र्याचा डबा दिला होता, त्यात त्या भाकरी ठेवत. "झाडाले टोपली बरी, वारा लागते. भाकरीले डबा बरा, मुंग्या लागत नाहीत."

त्या मूळच्या रामटेकजवळच्या. चोविसाव्या वर्षी नवरा गेला, सासरी राहायचं मन नव्हतं, माहेरी भावाचा संसार. म्हणून नागपूर. धानाच्या बांध्यांमधून वाढलेल्या बाईला शहरात सेमिनरी हिल्सचा तो साग, तो लाल मुरूम सापडला, आणि त्या तिथे रुळल्या. बुरशीला त्यांनी स्वतःची नावं दिली होती. पळसाच्या कुजक्या खोडावरचे थर म्हणजे "लाकडाचे कान". बोट लावलं की धूर सोडणारा गोल गोळा म्हणजे "हेडक्लार्क", कारण आमचे हेडक्लार्क मधुकरराव असेच फुगलेले असत आणि टोचलं की फुस्स होत. ते नाव त्यांच्या कानावर गेलं होतं असा माझा संशय आहे.

माझं लग्न झालं, धरमपेठेत बिऱ्हाड झालं, नीला झाली. कॉलेजशी संबंध उरला तो माझ्या अक्षरामुळे. १९७२च्या डिसेंबरात विभागप्रमुख प्रेमलता मॅडमनी बोलावलं. १९७४च्या जानेवारीत विद्यापीठाची समिती यायची होती. वरचे वर्ग उघडायची परवानगी हवी तर विभागाकडे नागपूर परिसरातल्या वनस्पतींचा स्वतःचा संग्रह हवा, निदान एकशे वीस कागद. वाळवून दाबलेली झाडं कपाटात होतीच, सात-आठ वर्षांत जयवंताबाईंनी आणलेली. ती जाड कागदावर चिकटवायची आणि खाली चिठ्ठीवर नाव, जागा, तारीख, संग्राहक लिहायचं.

"संग्राहक म्हणून तुमचं नाव ना, मॅडम?" मी विचारलं. आजवर तसंच चालत आलं होतं.

"मी तोडलंय का?" मॅडम म्हणाल्या. "ज्यानं तोडलं त्याचं लिही."

जयवंताबाई दाराशी फडकं पिळत होत्या. त्यांचा हात थांबला. मग जवळ येऊन त्यांनी विचारलं, "सगळ्याइवर?"

"सगळ्यांवर. पूर्ण नाव सांगा, नवऱ्याचं, आडनावासकट."

त्यांनी थोडा विचार केला. "निस्तं जयवंता लिहा. नवऱ्याचं नाव त्याइच्या सातबाऱ्यावर हाय, बापाचं भावाच्या सातबाऱ्यावर हाय. हे कागद माहे."

त्या दिवसापासून त्या रोज एकदा विचारत, "किती झाले?" मी सांगे, चाळीस, पंचावन्न. कागद हातात घेऊन त्या चिठ्ठीकडे बघत, उलट्या बाजूने का होईना, आणि मग डोळे मिटून सांगत, "हे फुटाळ्याचं. त्या दिवशी पायात काटा गेला होता."

आता माझी चूक सांगते. ती सांगितल्याशिवाय पुढचं काही कळायचं नाही.

कागद चिकटवायला मैद्याची खळ लागते आणि खळीत मोरचूद घालायचं असतं. ते विषारी, म्हणून कीड लागत नाही. हे मला पाठ होतं, परीक्षेत लिहून गुण मिळवले होते. खळ मी घरी शिजवत होते. नीला दहा महिन्यांची, रांगत होती. मोरचुदाच्या निळ्या खड्यांची पुडी मी पाटावर उघडली आणि मागे वळले तेवढ्यात तिची मूठ त्या पुडीवर. तोंडात काही गेलं नव्हतं. तरी मी तिचे हात तीनदा धुतले. पुडी माळ्यावर टाकली आणि त्या दिवशीची खळ तशीच वापरली. मग रोजच तशी वापरली. डांबरगोळ्या घालू, होईल, असं मनाशी म्हटलं. कोणाला सांगितलं नाही. मार्चमध्ये एकशे वीस कागद कपाटात गेले आणि यादी समितीकडे रवाना झाली.

जुलैत कॉलेज उघडलं आणि कपाटही. प्रेमलता मॅडमनी पहिला गठ्ठा उचलला तर त्यातून भुसा गळला. कागदांच्या मधून चंदेरी कसर सरसरत पळाली. खळ चाटून, पानं कुरतडून, कुठे नुसता देठ, कुठे फुलाच्या जागी पिवळा डाग. चिठ्ठ्याही खळीनेच लावल्या होत्या. जयवंताबाईंचं नाव चाळणीसारखं झालं होतं. एकशे विसातले अडतीस वाचले. पळस, बहावा असल्या जाड फांद्या खळीने राहत नाहीत म्हणून मी त्या दोऱ्याने शिवल्या होत्या, त्याच.

मधुकररावांनी येऊन बघितलं. "मॅडम, मी म्हणतो कशाला त्रास? बाहेर कंपन्या तयार कागद विकतात. ऑर्डर देऊन टाकू. छापील चिठ्ठ्या, एकदम साफ काम."

"त्याच्यावर नाव कोनाचं राहीन?" जयवंताबाईंनी विचारलं.

"कंपनीच्या माणसाचं. तुम्हाला काय करायचं?"

त्यांनी केरसुणी घेतली. खाली बसून भुसा गोळा करू लागल्या. मला ते बघवेना. मी सगळ्यांसमोर सांगून टाकलं, मोरचूद घातलं नाही, का घातलं नाही, सगळं. मधुकररावांनी चष्मा काढून माझ्याकडे बघितलं. जयवंताबाईंनी केरसुणी खाली ठेवली.

"पोरीनं खाल्लं तर नाही ना?"

"नाही."

"खरं सांग वं. जिभीले नाही ना लागलं?"

"नाही, बाई."

"मंग झालं. कसरीनं खाल्लं ते पुन्हा उगवते." त्या मॅडमकडे वळल्या. "किती पायजेत?"

"ब्याऐंशी," मॅडम म्हणाल्या. "समिती जानेवारीत. एकच पावसाळा आहे, जयवंताबाई."

"पाऊस एकच लागते." मग माझ्याकडे बोट दाखवून, "हिले सोबत घेईन. खळ हिची होती."

अशी ती शिक्षा लागली, आणि मी अजून कोणाला सांगितलं नाही की शिक्षेच्या त्या चार महिन्यांइतकं सुखाचं काही माझ्या वाट्याला क्वचितच आलं. आठवड्यातून तीन दिवस पहाटे साडेपाचला फाटक वाजे. जाताना जयवंताबाईंच्या टोपलीत नीला, येताना टोपलीत झाडं आणि नीला माझ्या कडेवर. सेमिनरी हिल्स, फुटाळा, अंबाझरीच्या मागचा माळ, गोरेवाड्याचं रान. आदल्या वर्षी पावसाने दगा दिलेला, त्यामुळे त्या साली जमिनीला जणू सगळं एकदम सांगायचं होतं. चुंबळ पडेल तिथे काहीतरी असेच. केन्याचं निळं फूल दहा वाजता मिटतं म्हणून ते आधी. पांढऱ्या मुसळीला दव असताना हात लावायचा नाही, कागदावर काळी पडते. कुरडूच्या तुऱ्यात पांढऱ्या पाकळीसारखा कोळी दडून बसलेला, त्याला हाकलून मगच तुरा तोडायचा. सागाखालच्या वारुळावर एका रात्रीत सात्या उगवल्या, म्हणजे पांढऱ्या छत्र्यांची, भाजी करतात ती बुरशी. एक कागदासाठी, उरलेल्या घरी नेल्या. आमच्या ह्यांनी, म्हणजे कृष्णकांतांनी, ताट पुढे घेऊन विचारलं, "हे अभ्यासाचं आहे की जेवायचं?"

"आधी जेवा. मग अभ्यास होईल."

खळ मी आता घरी शिजवत नव्हते. कॉलेजच्या प्रयोगशाळेत, स्पिरिटच्या दिव्यावर, मोरचूद घालून. इतकं साधं होतं ते.

सप्टेंबरअखेर मोजलं तेव्हा साठाच्या वर गेलो होतो. त्याच आठवड्यात समितीचं पत्र आलं. क्रमांक सत्याऐंशीबद्दल शंका आहे. त्या क्रमांकावर ड्रोसेरा होता, पुस्तकात त्याला दवबिंदू म्हणतात: पानावरच्या चिकट थेंबांनी किडे धरून खाणारं बोटभर झाड. 'ही वनस्पती रामटेकजवळ आढळल्याचे यादीत म्हटले आहे. कागद प्रत्यक्ष सादर करावा. संग्राहक प्रशिक्षित आहे काय?'

मधुकररावांनी पत्र मोठ्याने वाचलं. "बघा. एका नोंदीवर शंका म्हणजे सगळ्यावर शंका. मी कंपनीला लिहितो."

"सत्याऐंशी मीच आनलं होतं," जयवंताबाई म्हणाल्या. "तीन सालाआधी, दिवाळीले भावाकडे गेली तवा. आम्ही पोरी त्याले माशीखाऊ म्हनत होतो."

"पण आता कुठे आहे ते?"

"कसरीच्या पोटात. लिहू नका गा भाऊ कोनाले. आनतो."

ह्यांनी नीलाला दोन दिवस सांभाळायचं कबूल केलं, फक्त वरणाची डाळ कोणत्या डब्यात ते लिहून मागितलं. नवरात्र सुरू होतं. एस.टी.ने रामटेकला उतरलो, तिथून चालत त्यांच्या भावाच्या, आनंदरावांच्या गावी. डोंगराच्या पायथ्याशी तळ्याच्या वरच्या अंगाला मुरमाचा उतार होता, तिथलं ते झाड. जयवंताबाई वाटेतून इतक्या भराभर चालल्या की मला धावावं लागलं. आणि एकदम थांबल्या.

उतार नव्हताच. दुष्काळी कामावर रस्ता काढला होता, त्यासाठी तिथला मुरूम खणून नेला होता. घोटाभर पाण्याचा खड्डा आणि त्यात म्हशी.

दिवसभर आम्ही खड्ड्याच्या कडेकडेने फिरलो. चुंबळ किती वेळा टाकली, गणती नाही. बाकी पुष्कळ दिसलं, माशीखाऊ नाही. संध्याकाळी अंगणात पाय धुताना आनंदराव म्हणाले, "काहून वं बाई, नागपूरची नौकरी सोडून इथं गवत हुडकून राहिली? सांगतीस तर भारा बांधून पाठवला असता."

"तुह्या भाऱ्यात ते नाही येत."

जेवायला बसलो. जयवंताबाईंच्या हातात भाकरीचा तुकडा तसाच. मग एकदम म्हणाल्या, "आनंदा, तुह्यावाली सगळ्यात खराब बांधी कोनती?"

बांधी म्हणजे बांध घालून पाणी अडवलेलं धानाचं वावर. आनंदरावांचा घास थांबला. "माह्या बांध्या खराब नाहीत."

"एखांदी असंनच. जिथं धान पिवळं पडते."

"बाई, बापाच्या हातची जमीन हाय ते. पाहुनीसमोर खराब म्हनते? अख्ख्या गावात विचार, माह्यासारखं धान..." आणि ते ताटावरून उठून गेले. खरंच उठून गेले. बाहेर बिडीचा वास आला.

मी कानकोंडी झाले. जयवंताबाईंनी शांतपणे विचारलं, "भागीरथा?"

भागीरथावहिनी चुलीशी होत्या. त्यांनी दाराकडे बघितलं, आवाज उतरवला. "वरची. मुरमाकडची. तीन साल झाले, पेरलं तेवढंबी निंगत नाही तिथं. पन मी सांगितलं असं नका सांगू."

झोपायला आडवे झालो तेव्हा मी विचारलं, खराब बांधी कशाला?

"चांगल्या जमिनीत त्याले कोन राहू देईन? धान दाबून टाकते. जिथं जमिनीत खायले काही नाही तिथं ते माशी खाते. मंग खायले नाही अशीच जागा पाहाले पायजे ना."

मी अंधारात उठून बसले. हेच प्रेमलता मॅडमनी वर्गात शिकवलं होतं, निकस जमीन, नत्र कमी. मी ते वहीत उतरवलं होतं, खाली रेघ मारली होती. आणि दिवसभर खड्ड्याभोवती फिरत होते.

सकाळी वरची बांधी. धान खरंच पिवळं, गुडघ्याच्याही खाली. जयवंताबाईंनी चुंबळ बांधाच्या आतल्या ओल्या पट्टीवर टाकली आणि आम्ही बसलो. एक: शेवाळ. दोन: लव्हाळा. तीन: मुंगीएवढं पिवळं फूल. चौथं काही दिसेना. त्यांनी चुंबळ वीतभर पुढे सरकवली. पुन्हा बसलो. पुन्हा सरकवली. ऊन चढलं. माझे गुडघे भरून आले, मी उठू बघत होते.

"पाच झाल्या का?"

"नाही."

"मंग?"

बसले. उन्हाची तिरीप पाण्यावरून फिरली आणि चुंबळीच्या कडेला काहीतरी लुकलुकलं. लालसर, बोटाच्या पेराएवढं, पानांच्या केसांवर थेंबच थेंब. एका पानावर चिलट चिकटलेलं, पाय अजून हलत होते.

"बाई," मी म्हटलं. बोट दाखवलं.

त्या रांगत आल्या, वाकून बघितलं. मी हात पुढे केला तर मनगट धरलं. "त्याले नको. जेवून राहिलं ते. जेवत्याले उठवू नये." शेजारीच आणखी आठ-दहा होती. त्यांनी तीन घेतली, मुळासकट, त्यातलं एक आधीच जेवून झालेलं, पानावर काळं सुकलेलं चिलट असलेलं. बाकीची राहू दिली. आनंदराव बांधावर येऊन उभे होते, कधीचे कोण जाणे.

"सापडलं?"

"हो. तुह्या बांधीतच भेटलं. दुसऱ्या कोनाच्या बांधीत नाही ते."

आनंदरावांना हे कौतुक की काय ते ठरवता येईना. पण परतीच्या एस.टी.पर्यंत टोपली त्यांनीच धरली.

जानेवारीत समिती आली. एकशे वीस कागद लांब टेबलावर मांडलेले. मधुकररावांच्या हातात कंपनीचा कॅटलॉग होता, असू द्यावा म्हणून. समितीतले एक वयस्कर प्राध्यापक भिंग घेऊन थेट सत्याऐंशीवर गेले. बराच वेळ वाकून होते. मी चिठ्ठ्या लिहिणारी म्हणून कोपऱ्यात उभी.

"चिलट आहे अजून," ते स्वतःशीच म्हणाले. मग चिठ्ठी वाचली. "संग्राहक, जयवंता. आडनाव नाही?"

"त्यांना नको होतं," प्रेमलता मॅडम म्हणाल्या.

"कुठे असतात या?"

जयवंताबाई पाण्याच्या पेल्यांचं तबक घेऊन त्यांच्याच मागे उभ्या होत्या. "मीच. पानी घ्या आधी."

त्यांनी पेला घेतला. पाणी न पिताच विचारलं, "बाई, नेमकं कुठं मिळालं?"

"भावाच्या खराब बांधीत. तुम्ही पाहाले जा, खुशाल जा. पन तिथं खराब म्हनू नका, ताटावरून उठते तो."

प्राध्यापक हसले, मग इतके हसले की पेला टेबलावर ठेवावा लागला. "तीन वर्षं मी विद्यार्थ्यांना घेऊन रामटेकला जातोय. चांगल्या जागा बघत बसलो." त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं. नंतर मॅडमनी दाखवलं: 'क्र. ८७ पाहिला. शंका नाही. संग्राहक अनुभवी.' मधुकररावांनी कॅटलॉग काखेत मारला. जाताना जयवंताबाईंना म्हणाले, "अभिनंदन बरं का." त्या म्हणाल्या, "हो गा भाऊ," आणि मग माझ्याकडे बघून गालांत हवा भरली. मी तोंडाला पदर लावला.

सगळे गेल्यावर कागद कपाटात ठेवायचे राहिले होते. जयवंताबाईंनी सत्याऐंशी उचलला.

"माहं नाव कोनतं ह्यातलं?"

मी बोट ठेवलं. त्यांनी खांद्यावरची चुंबळ काढली आणि चिठ्ठीवर अलगद धरली, नाव मधोमध येईल अशी. मग टेबलावर कोपर टेकून आत बघत बसल्या, टेकडीवर बसत तशाच.

"हे एक. हे दोन. ह्याच्यावर टिकली हाय, तीन. आन् हे चार." त्यांनी पुन्हा मोजलं. "चारच जिनसा."

"चारच अक्षरं आहेत, बाई."

"पाच पायजेत." चुंबळ खांद्यावर टाकून त्यांनी कागद माझ्या हातात दिला. "एक कमी हाय. उद्या साडेपाचले तयार राहा."